तीनशे ग्रॅमचा हिशेब

औषधांच्या धंद्यातली सर्वांत मोलाची माहिती बहुधा छापील असते. पेटंट हवे असेल तर शोध लावणाऱ्याला तो अर्जात उघड करावा लागतो. सुरुवात कोणत्या रसायनापासून केली, तापमान किती ठेवले, कोणते द्रावक वापरले, मधल्या टप्प्यावर काय हाती आले, हे सगळे त्या विषयातल्या जाणकाराला तसेच्या तसे करून पाहता येईल इतके नीट लिहावे लागते. त्या मोबदल्यात सरकार काही वर्षांची मक्तेदारी देते. मक्तेदारी एकाची, पण कागद सगळ्यांचा. कोणत्या देशात पेटंट घेतले आणि कोणत्या देशात घ्यायचे राहिले, हेही नोंदवहीत कुणालाही पाहता येते. कायदा राजपत्रात छापला जातो, रोग्यांची संख्या आरोग्य खात्याच्या अहवालात असते. हे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचण्याची सवय ज्यांनी लावून घेतली, त्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपला औषध उद्योग उभा केला. त्यांतल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीची आणि एड्सवरच्या औषधाची ही हकिकत आहे. तिच्या मुळाशी चोरून मिळवलेली कोणतीही खबर नव्हती, म्हणूनच ती मला महत्त्वाची वाटते.

ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि १९३५ मध्ये त्यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' ही कंपनी काढली. पुढे तिच्याच आद्याक्षरांतून सिप्ला हे नाव रूढ झाले. ४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधींनी कंपनीला भेट दिली. दुसऱ्या महायुद्धात परदेशी औषधांचा पुरवठा तुटला तेव्हा इथली रसायने इथेच बनवण्याची निकड सर्वांनाच कळली. १९४४ मध्ये कंपनीने मुंबई सेंट्रलची जागा घेतली. ख्वाजासाहेबांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी केंब्रिजला नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांच्या हाताखाली पीएचडी केली आणि १९६० मध्ये ते मुंबईला कंपनीत दाखल झाले. हा तरुण रसायनतज्ज्ञ ज्या देशात कामाला लागला, तिथला पेटंट कायदा १९११ चा, म्हणजे इंग्रजांच्या राज्यातला होता.

त्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवरच पेटंट मिळे आणि ते १६ वर्षे चाले. एखादे औषध दुसऱ्या पद्धतीने बनवता येत असले तरी ते बनवायची सोय नव्हती. परदेशी कंपन्या पेटंट भारतात घेत, माल बाहेरून आणत आणि भाव स्वतः ठरवीत. हे किती महाग पडत होते, त्याची साक्ष अमेरिकेतूनच मिळाली. सिनेटर एस्टेस केफॉवर यांच्या समितीने औषधांच्या किमतींची जी चौकशी केली, तिच्यात भारताची गणना औषधे सर्वांत महाग असलेल्या देशांत झाली. गरिबांतल्या गरीब देशांपैकी एक, आणि औषधांना मोजलेला दाम मात्र श्रीमंतांच्या बरोबरीचा!

याआधीच, सप्टेंबर १९५९ मध्ये, न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी भारत सरकारला पेटंट कायद्याविषयीचा अहवाल दिला होता. औषध उद्योगाच्या इतिहासात या अहवालाइतका परिणामकारक दस्तऐवज दुसरा सापडणे कठीण. अय्यंगारांनी नोंदी तपासल्या. भारतातली बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या मालकीची होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचा इथे उत्पादनासाठी उपयोगच होत नव्हता. पेटंट घ्यायचे ते माल बनवण्यासाठी नव्हे, दुसऱ्याने बनवू नये यासाठी. त्यांनी जर्मनीच्या जुन्या कायद्याचाही अभ्यास केला. जर्मनीने आपला रसायन उद्योग वाढवताना रसायनावर पेटंट न देता ते बनवण्याच्या पद्धतीवर दिले होते. भारतानेही अन्न आणि औषध या बाबतींत तसेच करावे, असे अय्यंगारांनी सुचवले.

अहवालाचा कायदा व्हायला ११ वर्षे लागली. १९६५ चे विधेयक लोकसभा विसर्जित झाल्याने बारगळले, १९६७ मध्ये नवे आले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. या काळात मुंबईतले देशी कारखानदार गप्प बसले नव्हते. १९६१ मध्ये त्यांनी इंडियन ड्रग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन ही संघटना उभी केली आणि कायदा बदलण्याची मागणी नेटाने लावून धरली. पारतंत्र्यातला कायदा, विधेयकाची कलमे, परदेशांतले दर हे सगळे त्यांना तोंडपाठ झाले होते. कायदा बदलला तर आपण पहिल्या दिवशी काय बनवायचे, याचा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता. माझ्या मते या उद्योगाचे भवितव्य तिथेच ठरले. कायदा हा धंद्याच्या बाहेरचा, वकिलांनी बघायचा विषय आहे असे त्यांनी कधी मानले नाही.

प्रोप्रॅनोलॉल हे उदाहरण युसुफ हमीद यांनी अनेकदा सांगितले आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांनी शोधलेले हे हृदयविकाराचे औषध. (ब्लॅक यांना पुढे १९८८ मध्ये नोबेल मिळाले.) सिप्लाने ते भारतात बनवायला घेतले. आयसीआयने दिल्लीपर्यंत तक्रार नेली. हमीद यांनी इंदिरा गांधींपुढे साधा प्रश्न मांडला, की शोध लावणाऱ्याची मर्जी नाही म्हणून लाखो भारतीयांनी जीव वाचवणाऱ्या औषधाला मुकावे का? १९७० मध्ये संसदेने नवा पेटंट कायदा मंजूर केला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. औषधाच्या रेणूवर पेटंट बंद झाले, फक्त पद्धतीवर राहिले. तेही अर्जापासून ७ वर्षे किंवा पेटंट मिळाल्यापासून ५ वर्षे, यांतली जी मुदत आधी संपेल तेवढेच.

आता खरे काम सुरू झाले, आणि ते कागद वाचण्याचेच होते. जगात कुठेही नवे औषध निघाले की त्याचे पेटंट आणि त्यावरचे शोधनिबंध मागवायचे. वर्णन केलेली पद्धत टाळून त्याच रेणूपर्यंत जाणारी दुसरी वाट शोधायची. इथे एक गणित समजून घ्यायला हवे, कारण सगळा नफा-तोटा त्यात आहे. समजा औषध पाच टप्प्यांत बनते आणि प्रत्येक टप्प्यावर ८० टक्के उतारा मिळतो. ऐकायला बरे वाटते, पण पाचव्या टप्प्याअखेर हाती राहतात जेमतेम ३३ टक्के. तोच उतारा दर टप्प्याला ९० टक्क्यांवर नेला तर शेवटी ५९ टक्के मिळतात. तेवढ्याच कच्च्या मालातून जवळजवळ दुप्पट औषध! एक टप्पा वगळता आला तर त्याहून उत्तम. महाग द्रावक परत मिळवून पुन्हा वापरता आले, तर खर्च आणखी खाली येतो. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, तयार झालेल्या रसायनतज्ज्ञांची एक पिढी याच कामात मुरली.

पुण्याचा संबंध जरा थांबून सांगण्याजोगा आहे. आपल्या अंगणात बारा महिने फुलणारी सदाफुली सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या पाल्यात व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधे असतात. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. पण प्रमाण इतके अत्यल्प, की टनभर वाळलेल्या पाल्यातून हाती येणारे औषध ग्रॅमांत मोजावे लागते. अमेरिकेची एली लिली कंपनी ही औषधे विकत होती. एनसीएलमध्ये डॉ. ए. व्ही. रामा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पाल्यातून काढण्याची आणि शुद्ध करण्याची पद्धत बसवली आणि १९८४ मध्ये सिप्लाने ती औषधे बाजारात आणली. सरकारी प्रयोगशाळेत काय शिजते आहे हे कंपनीला माहीत होते, आणि कंपनीला काय हवे आहे हे प्रयोगशाळेला. ही देवाणघेवाण नसती तर पुढचे काही घडले नसते. रामा राव नंतर हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयसीटीचे, प्रमुख झाले आणि त्यांचे सिप्लाशी नाते तसेच टिकले.

त्या नात्यातूनच एड्सचे पहिले औषध आले. झिडोव्हुडिन, ज्याला सगळे एझेडटी म्हणत, त्याला अमेरिकेत मार्च १९८७ मध्ये परवानगी मिळाली. ते त्या काळच्या जगातल्या सर्वांत महाग औषधांपैकी एक होते. आयआयसीटीने त्याची स्वस्त पद्धत बसवली आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सिप्लाने ते तयार केले. परदेशी दराच्या मानाने ते कितीतरी स्वस्त होते, तरीही खपले नाही. सरकारचा सगळा भर तेव्हा रोग टाळण्यावर होता, औषधासाठी पैसे नव्हते. रोग्याच्या खिशालाही तो दर झेपणारा नव्हता. इथे एखादी कंपनी हात झटकून मोकळी झाली असती. सिप्लाने पुढचे औषध करायला घेतले.

जुलै १९९६ मध्ये कॅनडातल्या व्हॅन्कूव्हरला एड्स परिषद भरली. एकेकटे औषध विषाणूपुढे थोड्याच दिवसांत निकामी ठरते, पण तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो, हे तिथे जगापुढे आले. श्रीमंत देशांत एड्सने मरणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटू लागली. वर्षाच्या उपचाराचा खर्च मात्र १० ते १५ हजार डॉलर. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २००० साली सुमारे अडीच कोटी लोक या विषाणूसह जगत होते, आणि त्यांतल्या जवळपास कोणालाच हे औषध मिळत नव्हते.

तीन औषधांचे तीन मालक होते. स्टॅव्हुडिन ब्रिस्टल-मायर्स स्क्विबकडे होते. त्याच्या वापराचे पेटंट येल विद्यापीठाचे, कंपनीने ते परवान्यावर घेतलेले. लॅमिव्हुडिन ग्लॅक्सोकडे. नेव्हिरापिन जर्मनीच्या बोरिंगर इंगलहाइमकडे. युरोप-अमेरिकेत ही तिन्ही एका गोळीत घालायची तर तीन प्रतिस्पर्ध्यांनी एका टेबलाशी बसायला हवे होते, आणि ते बसत नव्हते. रोगी तीन डब्यांतून मोजून सहा गोळ्या घेत होता. मुंबईतून पाहणाऱ्याला मात्र हे चित्र निराळे दिसत होते. १९७० च्या कायद्यामुळे भारतात या तिन्ही रेणूंवर कोणाचीच मक्तेदारी नव्हती. १९९८ मध्ये सिप्लाने लॅमिव्हुडिन आणले तेव्हा झिडोव्हुडिन आणि स्टॅव्हुडिन तिच्याकडे आधीपासूनच होते. तीन औषधे एका गोळीत घालून सकाळी एक, रात्री एक, एवढ्यावर भागवता येईल, ही कल्पना त्या कायद्याच्या आणि त्या रसायनाच्या सांध्यावर उभी होती. एकटा वकील किंवा एकटा रसायनतज्ज्ञ तिच्यापर्यंत पोचला नसता.

या गोळीचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा. एका गोळीत ४० मिलिग्रॅम स्टॅव्हुडिन, १५० मिलिग्रॅम लॅमिव्हुडिन आणि २०० मिलिग्रॅम नेव्हिरापिन. दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे एकूण ७८० मिलिग्रॅम औषध. त्याला ३६५ ने गुणले की २८५ ग्रॅमच्या आसपास येते. माणसाला वर्षभर जगवणारे औषध पुरते तीनशे ग्रॅमसुद्धा नाही. मग त्याचा दर ठरतो तो बल्क ड्रग, म्हणजे गोळीत घालायचे मूळ औषध, किलोला कितीला पडते यावर, आणि तो आकडा सिप्लाला नेमका ठाऊक होता, कारण माल तिच्याच कारखान्यांत बनत होता. पाताळगंगा १९८२ पासून, दौंडजवळचे कुरकुंभ १९९४ पासून. गोळ्या भरणाऱ्या पण बल्क बाहेरून विकत घेणाऱ्या कंपनीला हा हिशेब इतक्या खात्रीने मांडता आला नसता. शिवाय उलाढाल वाढली की किलोमागचा खर्च आणखी उतरणार, हेही त्यांना दिसत होते. आजचा तोटा उद्याच्या मोठ्या मागणीने भरून निघतो हे ज्याला आकड्यांत मांडता येते, तोच असा भाव जाहीर करू शकतो.

औषधाची खरी किंमत किती, हा प्रश्न अमेरिकेत आणखी काही जण विचारत होते. जेमी लव्ह हे ग्राहक चळवळीतले कार्यकर्ते. बिल हॅडाड हे पूर्वीचे पत्रकार. अमेरिकेत १९८४ मध्ये जेनेरिक औषधांचा कायदा झाला त्यामागच्या खटपटीतले एक महत्त्वाचे नाव. ऑगस्ट २००० मध्ये ही मंडळी लंडनला युसुफ हमीद यांना भेटली. त्यांच्याकडे आफ्रिकेतल्या पेटंटांची, व्यापार करारांची आणि दात्यांच्या पैशांची माहिती होती, हमीद यांच्याकडे रसायनाची आणि खर्चाची. दोन्ही बाजूंनी आपापले कागद टेबलावर ठेवले.

त्यानंतर २८ सप्टेंबर २००० रोजी ब्रुसेल्सला युरोपीय आयोगाची बैठक झाली. आरोग्य मंत्री, अधिकारी आणि बड्या औषध कंपन्यांचे प्रतिनिधी हजर होते. हमीद यांना बोलायला मोजकी मिनिटे मिळाली. त्यांनी तीन गोष्टी देऊ केल्या. तिन्ही औषधांचा वर्षाचा संच ८०० डॉलरला. जे सरकार स्वतः औषध बनवू इच्छील त्याला तंत्रज्ञान मोफत. आणि आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्यासाठी नेव्हिरापिन मोफत. प्रत्यक्षात एकाही सरकारने मागणी नोंदवली नाही. प्रस्ताव तसाच पडून राहिला.

बड्या कंपन्या तेव्हा काय करत होत्या? मे २००० मध्ये त्यांतल्या पाच जणींनी संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाबरोबर सवलतीच्या दराची योजना जाहीर केली होती. पण प्रत्येक देशाशी वेगळी बोलणी, आणि ठरलेला दर गुप्त. घानामध्ये सिप्लाची दोन औषधे एकत्र असलेली गोळी गेली तेव्हा ग्लॅक्सोने पेटंटभंगाची नोटीस पाठवली. आफ्रिकेच्या प्रादेशिक पेटंट संस्थेकडे चौकशी झाली, तेव्हा त्या पेटंटांचा जोर घानात चालत नाही असे निघाले. नोटीस मिळणाऱ्याने नोंदवही उघडून पाहायची नाही, ही गृहीत धरलेली गोष्ट होती.

दक्षिण आफ्रिकेत प्रकरण कोर्टात पोचले होते. तिथल्या सरकारने १९९७ मध्ये स्वस्त औषधे मागवण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला. ३९ औषध कंपन्या एकत्र येऊन १९९८ मध्ये त्याविरुद्ध प्रिटोरियाच्या न्यायालयात गेल्या. प्रतिवादीच्या जागी होते नेल्सन मंडेलांचे सरकार.

लव्ह यांनी हमीद यांना पुन्हा विचारले, की भाव आणखी किती खाली आणता येईल? दिवसाला एक डॉलरच्या आत, असे उत्तर आले. ७ फेब्रुवारी २००१ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये डोनाल्ड मॅकनील यांची बातमी पहिल्या पानावर छापून आली. मेदसाँ साँ फ्राँतिए या डॉक्टरांच्या संस्थेसाठी वर्षाला ३५० डॉलर, सरकारांसाठी ६०० डॉलर. आपल्या पैशांत ३५० डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे १६ हजार रुपये. संस्थेला १९९९ चे शांततेचे नोबेल मिळाले होते, त्यामुळे तिच्या नावाबरोबर हा आकडा जगभर पोचला.

तो आकडा जाहीर होणे हीच खरी घटना होती. ब्रुसेल्सचा प्रस्ताव सभागृहात राहिला, हा मात्र वर्तमानपत्रात छापला गेला. आतापर्यंत १० हजार डॉलर हा औषधाचा खर्च आहे असे सामान्य माणूस समजत होता. आता त्याच्यासमोर दोन किमती होत्या आणि मधले ९,६५० डॉलर कशाचे, हे कुणीही विचारू शकत होते. कंपन्यांची भीतीही हीच होती. जगाच्या औषध विक्रीत आफ्रिकेचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. तिथला बाजार गेला असता तरी त्यांचे फारसे बिघडत नव्हते. पण आफ्रिकेतला दर पाहून अमेरिकेतला आणि युरोपातला गिऱ्हाईक जाब विचारील, याचा त्यांना धसका होता.

पुढचे दोन महिने घटना झरझर घडल्या. ५ मार्चला प्रिटोरियात सुनावणी सुरू झाली. झॅकी अख्मत यांच्या ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन या रुग्णहक्क चळवळीला न्यायमूर्ती बर्नार्ड न्गोएपे यांनी म्हणणे मांडायची परवानगी दिली, त्यामुळे दराचा प्रश्न थेट न्यायालयाच्या पटलावर आला. ७ मार्चला मर्कने आपल्या दोन औषधांचे दर ६०० आणि ५०० डॉलरवर आणले. १४ मार्चला ब्रिस्टल-मायर्सने आफ्रिकेत स्टॅव्हुडिनच्या पेटंटाचा आग्रह सोडला. त्यामागे येलच्या विद्यार्थ्यांचा दबाव होता, आणि ज्यांच्या संशोधनातून ते औषध निघाले ते विल्यम प्रुसॉफही विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले. १९ एप्रिल २००१ रोजी ३९ कंपन्यांनी खटला मागे घेतला.

जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांकडे माहितीची काय कमतरता होती? बाजाराचे अहवाल, पेटंट वकील, प्रत्येक राजधानीत प्रतिनिधी. पण त्या सगळ्या माहितीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, आपली मक्तेदारी कशी टिकेल? औषध बनवायला किती लागते, हे प्रतिस्पर्ध्याला अचूक माहीत असेल आणि तो ते जाहीर करील, ही शक्यता त्यांनी धरलीच नाही. माझ्या मते ही माहितीची नव्हे, विवेकाची उणीव होती, आणि धंद्यात तीही महागात पडते.

सिप्लाची तीन-औषधी गोळी, ट्रायोम्यून, त्याच वर्षी बाजारात आली. नायजेरियाने २००१ मध्ये १० हजार प्रौढ आणि ५ हजार मुलांच्या उपचाराची योजना आखली, त्यासाठीची औषधे भारतातून. नोव्हेंबरमध्ये दोहाला जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी मान्य केले, की पेटंट करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येता कामा नये. २८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी काँग्रेससमोर आफ्रिकेसाठी मोठा निधी जाहीर करताना सांगितले, की वर्षाला १२ हजार डॉलर लागणारे औषध आता ३०० डॉलरच्या आत मिळते. भाषणात कंपनीचे नाव नव्हते, पण आकडा मुंबईचा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बिल क्लिंटन यांच्या संस्थेने भारतीय कंपन्यांशी करार केला आणि भाव वर्षाला १४० डॉलरच्या आसपास आला.

यात सिप्लाला काय मिळाले, असा प्रश्न धंद्याच्या नजरेने विचारायला हवा. गोळीमागे नफा थोडा होता. पण मागणी लाखांनी वाढली, बल्कचे कारखाने पूर्ण क्षमतेने चालू लागले, जागतिक आरोग्य संघटनेच्या तपासण्यांतून उत्पादनाची शिस्त आली, आणि ज्या देशांत शिरायला वर्षे लागली असती तिथे नाव आधी पोचले. २०१३ मध्ये सिप्लाने दक्षिण आफ्रिकेतली आपली जुनी भागीदार कंपनी मेडप्रो विकत घेतली. रॅनबॅक्सी, हेटेरो, ऑरोबिंदो, मॅट्रिक्स हेही याच रस्त्याने गेले. २००६ नंतर गरीब आणि मध्यम देशांसाठी देणग्यांतून विकत घेतल्या गेलेल्या एड्सच्या औषधांत ८० टक्क्यांहून अधिक माल भारतीय होता.

वाट सरळ नव्हती. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सिप्लाची दोन औषधे आपल्या मान्य औषधांच्या यादीतून काढली. मूळ औषधाइतकाच परिणाम होतो हे सिद्ध करण्याच्या चाचण्या ज्या बाहेरच्या प्रयोगशाळेत झाल्या, तिच्या नोंदींत दोष सापडले होते. चाचण्या पुन्हा केल्यावर औषधे परत यादीत आली. स्टॅव्हुडिनचे दुष्परिणामही कालांतराने उघड झाले. हातापायांत मुंग्या, चेहऱ्यावरची चरबी उतरणे. २००९ मध्ये आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितले. लक्षावधी माणसे तोवर त्याच औषधावर जगली, आणि त्यांतल्या अनेकांनी त्याची किंमत शरीराने मोजली. दोन्ही गोष्टी लिहून ठेवायला हव्यात.

ज्या कायद्याने हे शक्य केले, तो १ जानेवारी २००५ पासून बदलला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे औषधाच्या रेणूवर पुन्हा पेटंट सुरू झाले, मुदत २० वर्षे. पण संसदेने दोन तरतुदी राखल्या. कलम ३(ड) नुसार जुन्याच औषधाचे नवे रूप, क्षार किंवा मिश्रण अधिक गुणकारी असल्याचे दाखवल्याशिवाय नवे पेटंट नाही. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेक या कॅन्सरवरच्या औषधाचा अर्ज याच कलमावर फेटाळला. आणि कलम २५ नुसार पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही व्यक्ती त्याला लेखी हरकत घेऊ शकते. कंपनीच असायला हवे असे नाही.

या दुसऱ्या तरतुदीचा वापर मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी केला. त्या पत्रकार. क्षयरोगावरच्या जुन्या औषधांनी त्यांचे ऐकू येणे गेले. तीच वेळ आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासह त्यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या क्षयरोगावरच्याच औषधाच्या नव्या क्षारावरच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली. अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयातला. तो मंजूर झाला असता तर जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. २३ मार्च २०२३ रोजी पेटंट कार्यालयाने तो फेटाळला आणि मूळ रेणूवरचे पेटंट १८ जुलै २०२३ रोजी संपले. ऑगस्टअखेर गरीब देशांसाठी औषधे खरेदी करणाऱ्या जागतिक यंत्रणेने नवे दर जाहीर केले. मुंबईच्या ल्युपिनचे बेडाक्विलिन सहा महिन्यांच्या उपचाराला १९४ डॉलरला, आणि जॉन्सन अँड जॉन्सनचे, जे तोवर २८९ डॉलरला होते, ते १३० डॉलरला.